साताऱ्याचे प्रतिसरकार आणि हत्यार खाली ठेवण्याचा प्रश्न

चिंचपोकळी स्थानकातून सातरस्त्याकडे जाणाऱ्या रस्त्याची आजची पाटी ‘साने गुरुजी मार्ग’ अशी आहे. जुन्या रहिवाशांच्या तोंडी मात्र तो अजून आर्थर रोडच. सर जॉर्ज आर्थर १८४२ ते १८४६ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १८४४ साली, कोल्हापूरकडे सामानगडच्या गडकऱ्यांनी हत्यार उपसले आणि सह्याद्रीच्या डोंगरांत राघोजी भांगरे कंपनी सरकारच्या शिपायांना गुंगारा देत राहिला. दोन उठावांना तोंड देणाऱ्या गव्हर्नराचे नाव काढून तेथे १९४२च्या एका भूमिगताचे नाव लागले, हे पाटी वाचताना सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. त्याच रस्त्यावर मुंबईचे मध्यवर्ती कारागृह आहे आणि कस्तुरबा रुग्णालयही आहे.

साने गुरुजी ‘चले जाव’च्या काळात मुंबईत लपून काम करत होते. एप्रिल १९४३ मध्ये ते पकडले गेले. त्यांनी शस्त्र कधी धरले नाही. परंतु याच चळवळीचे एक टोक सातारा जिल्ह्यात होते, आणि तेथे ज्यांनी बंदुका धरल्या, गाड्या अडवल्या, न्यायनिवाडे केले, त्यांचे भाऊबंद चिंचपोकळी, लालबाग, परळ, डिलाइल रोड येथील चाळींत राहत आणि गिरणीत साचे चालवत. हा धागा त्या साताऱ्याविषयी आहे. अधिक नेमके सांगायचे तर, हत्यार उचललेल्या माणसांनी ते खाली कसे ठेवले, याविषयी आहे.

प्रथम भूगोल. १९४२चा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे आज सांगली जिल्ह्यात असलेले तालुके तेव्हा साताऱ्यात होते. (दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.) या मुलखातून मुंबईच्या गिरण्यांत माणूस जात असे, कारण जमीन थोडी, पाऊस बेभरवशाचा आणि सावकार मात्र भरवशाचा. घरातला एक भाऊ औतामागे आणि दुसरा मुंबईत, ही रीतच पडून गेली होती. मुंबईतला भाऊ एका खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर राहायचा, खानावळीत जेवायचा, महिन्याला मनिऑर्डर करायचा आणि सुगीला वा जत्रेला गावी जायचा. युद्धकाळात वृत्तपत्रांवर निर्बंध होते. त्यामुळे साताऱ्यात काय चालले आहे हे गिरणगावाला छापील मजकुरापेक्षा गावाहून परतलेल्या माणसाच्या तोंडून अधिक कळत असणार, हे सहज समजण्यासारखे आहे.

आता घटना. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकवर ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी तुरुंगात गेले. साताऱ्यात त्यानंतर मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव. लोक निःशस्त्र होते, कचेरीवर तिरंगा लावायचा आणि अधिकाऱ्याला नव्या सत्तेपुढे वाकवायचे एवढाच बेत होता. तासगावला तो साधलाही. ९ सप्टेंबरला वडूजला पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण तेथे मारले गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही गोळीबार झाला आणि तेथे दोघे पडले.

वडूज आणि इस्लामपूरनंतर मोर्चे थांबले. पुढे जे घडले ते ठरावाने घडलेले नाही. तुरुंग फोडून पळालेले, वॉरंट चुकवणारे, गावोगावचे तरुण कार्यकर्ते हळूहळू गटागटाने एकत्र आले. त्यांच्यातील सर्वांत ओळखीचा चेहरा नाना पाटलांचा. येडेमच्छिंद्र या गावचे, १९३० साली तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आलेले, धिप्पाड देहाचे आणि अस्सल गावरान बोलीत सभा जिंकणारे. ऑगस्ट १९४२ पासून मे १९४६ पर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ, ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत. कुंडलचे जी. डी. लाड (सर्वांचे बापू), वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, किसनवीर, बर्डे मास्तर अशी ही फळी होती. त्यांच्या पाठीशी अच्युतराव पटवर्धनांसारखे समाजवादी नेते होते.

इतके दिवस ही माणसे सापडली का नाहीत? शौर्य हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. या मुलखात ब्रिटिश हद्द आणि संस्थानी हद्द गोधडीच्या ठिगळांसारखी एकमेकींत शिवलेली होती. एका शिवारात ब्रिटिश अंमल, तर ओढ्यापलीकडे औंध, सांगली नाही तर कोल्हापूर. कुंडल हे चळवळीचे केंद्र औंध संस्थानात होते, आणि औंधच्या राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ सालीच आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देऊन ठेवली होती. ब्रिटिश पोलिसाला शिकार करताना दर पाच-दहा मैलांवर दुसऱ्याच्या परवानगीची दारे ठोठवावी लागत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भाकरी. रात्री अवेळी दार वाजले की चूल पेटवणारी बाई हीच या सरकारची खरी रसद होती. तिचे नाव कोणत्याही कागदावर नाही.

१९४३ पासून या गटांनी जे उभे केले त्याला त्यांनी प्रतिसरकार म्हटले. लोकांनी, आणि विरोधकांनीही, ‘पत्री सरकार’ म्हटले. गुन्हेगाराच्या पायाला पत्री ठोकतात म्हणून हे नाव, अशी समजूत तेव्हापासून चालत आली आहे. ‘प्रति’चा अपभ्रंश म्हणून पत्री, असेही सांगतात. प्रत्यक्षात शिक्षा बहुधा वेगळी असे. पाय बांधून तळव्यांवर काठीने मारणे ही ती शिक्षा. मार खाल्लेला माणूस कित्येक दिवस नीट चालू शकत नसे.

कामाचा पसारा मोठा होता. गावोगावी न्यायदान मंडळे बसली. जमिनीचे, बांधाचे, देण्याघेण्याचे खटले तेथे मिटत आणि फी लागत नसे. बायकोला नांदवत नसलेल्या नवऱ्यालाही तेथे उभे केले जाई. दारूच्या भट्ट्या बंद पडल्या, वाचनालये निघाली. थोड्या खर्चात, हुंड्याविना होणाऱ्या लग्नांना ‘गांधी लग्न’ असे नाव पडले, जरी त्यांच्या मुळाशी महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विवाहाची परंपरा स्पष्ट दिसते. मोर्च्यांनंतरच्या गोंधळात काँग्रेसचे नाव सांगून लुटणाऱ्या दरोडेखोरांच्या टोळ्याही माजल्या होत्या. त्यांचा बंदोबस्त झाल्यावर गावांचा विश्वास बसला. राज्य म्हणजे काय, हे त्या गावांना बहुधा तेव्हा पहिल्यांदा कळले असावे, कारण तोवर सरकार म्हणजे सारा वसूल करणारा आणि जाबजबाब घेणारा एवढीच त्यांची ओळख होती.

पण काठीच्या शिक्षेपाशी थांबलेच पाहिजे. गौरवग्रंथ येथून भराभर पुढे जातात. फितूर कोण हे ठरवायचे कोणी? आरोप करणारा आणि आरोपी यांच्यात तीन पिढ्यांचे बांधाचे भांडण असेल तर? न्यायदान मंडळाच्या निर्णयावर दाद मागायला वरचे न्यायालय नव्हते, आणि शिक्षा त्याच रात्री होत असे. मार खाल्लेल्यांत खरे खबरे होते, छळवादी सावकार होते, बायकांवर हात टाकणारे गुंड होते, हे मान्यच. त्यांत एकही निरपराध नव्हता, असे मात्र कोणताही प्रामाणिक इतिहासकार छातीठोकपणे म्हणणार नाही. शस्त्राने उभे राहिलेले कोणतेही सरकार, ते कितीही आपले असले तरी, या प्रश्नातून सुटत नाही. त्यांच्या जमेस एवढे धरता येते की ही माणसे त्याच गावांत राहणार होती. ज्याला मारले त्याच्याच शेजारी उद्या नांगर धरायचा होता, आणि त्या जाणिवेचा लगाम पुष्कळांच्या हाताला होता.

चळवळीला पैसा लागे. ७ जून १९४३ रोजी पुणे-मिरज लोहमार्गावर शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवण्यात आली. हे काम तूफान सेनेचे, म्हणजे प्रतिसरकारच्या लढाऊ दलाचे. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना नेणारी मोटार अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये ताब्यात घेतले गेले. साताऱ्याची माणसे त्यासाठी थेट खानदेशात गेली होती. हत्यारे गोव्यातून येत. ती आणण्याच्या कामात राजमती बिरनाळे यांच्यासारख्या स्त्रिया होत्या. नाना पाटलांची मुलगी हौसाताई अशाच कामगिरीवर गोव्यात गेली होती आणि परतताना रात्रीच्या काळोखात लाकडी पेटीच्या आधाराने तिने मांडवीचे पात्र पार केले. किंमतही मोजावी लागली. २५ फेब्रुवारी १९४५ रोजी मणदूरच्या डोंगरात पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहीर आणि नानकसिंग हे दोघे पडले.

या काळात चिंचपोकळीच्या चाळीतला सातारकर कोठे उभा होता? येथे गोष्ट अवघड होते. अहमदाबादच्या गिरण्या ‘चले जाव’साठी काही महिने बंद राहिल्या, तर मुंबईच्या गिरण्या थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू झाल्या. गिरणगावात वजन होते ते लाल बावट्याच्या युनियनचे. सोव्हिएत रशियावर हिटलरने चाल केल्यानंतर कम्युनिस्ट पक्षाने हे लोकयुद्ध ठरवले होते, आणि युद्धाच्या उत्पादनात खंड पडू नये अशी त्याची भूमिका होती. म्हणजे कामगाराची युनियन त्याला साचा चालू ठेवायला सांगत होती आणि त्याच्या गावी त्याचा चुलतभाऊ गाडी अडवत होता. या ओढाताणीचे सर्वांत बोलके उदाहरण अण्णा भाऊ साठे. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे, लहानपणी मुंबईला आलेले, गिरणीत राबलेले, पक्षाने कम्युनिस्ट. १९४४ साली त्यांनी अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. पुढे १९५९ साली कादंबरी लिहिली ती मात्र वारणेच्या खोऱ्यातील एका मांग बंडखोराची, ‘फकिरा’. पक्षाची रेषा आणि गावाचे रक्त यांपैकी एकच निवडावे, असे त्यांना कधी वाटले नसावे.

हत्यार खाली ठेवण्याचा मूळ प्रश्न आता घेऊ. तो केवढा कठीण आहे हे साताऱ्यातच राहून नीट दिसत नाही, म्हणून थोडा वेळ आफ्रिकेत जावे लागेल. इथिओपियात ओरोमो नावाचा जनसमूह आहे. देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून अधिक. महाराष्ट्राला हा मुलूख अगदी परका नाही. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच प्रदेशातून गुलाम म्हणून विकला जाऊन दख्खनला पोहोचला. त्याच्या मूळ जमातीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि काही जण त्याला ओरोमो मानतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राट मेनेलिकच्या फौजांनी ओरोमो प्रदेश जिंकला. जमिनी बंदूकधारी वसाहतकारांना मिळाल्या. त्यांना ‘नफ्तेन्या’, म्हणजे बंदूकवाले, असेच म्हणत. मूळ शेतकरी त्यांचे कूळ बनला. पुढे हैले सेलासीच्या राजवटीत ओरोमो भाषेला शाळेत व छापखान्यात थारा राहिला नाही. १९६३ साली स्थापन झालेली माचा-तुलामा ही स्वावलंबन संस्था १९६७ साली बंद पाडण्यात आली. बाले प्रांतात वाको गुटू याने शस्त्र घेतले. १९७०च्या दशकात ओरोमो मुक्ती आघाडी उभी राहिली. येथवरची कथा मराठी वाचकाला ओळखीची वाटावी. जमीन, भाषा, अर्ज, मोर्चा, बंदी, आणि मग डोंगर.

फरक पुढे पडतो. १९९१ साली लष्करी हुकूमशाही कोसळली तेव्हा ही आघाडी हंगामी सरकारात सामील झाली. वर्षभरातच, १९९२च्या निवडणुकांच्या तोंडावर, ती बाहेर पडली आणि पुन्हा लढाई सुरू झाली. दुसरी संधी २०१८ साली आली. तरुणांच्या प्रचंड निदर्शनांनंतर स्वतः ओरोमो असलेले अबी अहमद पंतप्रधान झाले, त्यांनी आघाडीशी समझोता केला आणि दाऊद इब्सा हे नेते एरिट्रियातून राजधानीत परतले. आता आपलाच माणूस सत्तेवर होता. तरीही लढवय्यांच्या एका मोठ्या गटाने हत्यार टाकायला नकार दिला आणि आघाडीपासून फुटून तो पश्चिमेकडच्या जंगलात लढत राहिला. हा गट स्वतःला ओरोमो मुक्ती सेना म्हणवतो. सरकार त्याला ‘शेने’ म्हणते, आणि मे २०२१ मध्ये याच नावाने त्याला दहशतवादी घोषित करण्यात आले. २०२३ साली टांझानियात दोनदा बोलणी झाली आणि दोन्ही वेळा फिसकटली. नागरिकांच्या हत्यांचे आरोप दोन्ही बाजूंवर आहेत. ज्या शेतकऱ्याच्या जमिनीसाठी हे सारे सुरू झाले, तोच आज दोन बंदुकांच्या मधोमध उभा आहे.

हे वाचल्यावर १९४६चा सातारा वेगळा दिसू लागतो. खरे तर उघड होण्याची पहिली हाक दोन वर्षे आधीच आली होती. मे १९४४ मध्ये गांधीजी सुटले आणि गुप्तता सोडून प्रकट व्हावे, असा सल्ला त्यांनी भूमिगतांना दिला. काहींनी तो मानला. नाना पाटील आणि त्यांचे बहुतेक सहकारी यांनी मानला नाही. ज्यांच्या नावाने लग्ने लावली त्यांचाच शब्द डावलताना त्यांना काय वाटले असेल, याचा विचार प्रत्येकाने आपापला करावा. पण तेव्हा प्रकट होणे म्हणजे गावांना पोलिसांच्या हवाली करणे होते, आणि ते त्यांना पटले नाही.

१९४६च्या वसंतात परिस्थिती बदलली. १८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’वरील नाविकांनी संप पुकारला. २२ तारखेला त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव बंद पडले, आणि या वेळी युनियन व कामगार एकाच बाजूला होते. लष्कर रस्त्यावर आले. परळला गोळी लागून कमल दोंदे मारल्या गेल्या. सरकारी आकड्यांनुसारही त्या दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. २३ तारखेला वल्लभभाई पटेलांच्या शब्दावर नाविकांनी शरणागती पत्करली. शस्त्र ठेवल्यास सूड घेतला जाणार नाही, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात शेकडो नाविकांना अटक झाली आणि अनेकांची नोकरी कायमची गेली. स्वतंत्र भारताच्या नौदलानेही त्यांना परत घेतले नाही.

साताऱ्याचे तसे झाले नाही. प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि मे महिन्यात नाना पाटील लोकांपुढे उघडपणे आले. प्रतिसरकार विसर्जित झाले. कोणताही तह लिहिला गेला नाही, हत्यारे मोजून घेणारा कोणी निरीक्षक आला नाही. हे इतके सहज का घडले असावे? एक म्हणजे हे सैन्य छावणीत राहत नव्हते, घरात राहत होते. बंदूक ठेवली की हाताला कासरा होताच. आणि प्रतिसरकारने वेगळ्या राष्ट्राचा दावा कधी केला नव्हता. आपण काँग्रेसचेच, खरे स्वराज्य येईपर्यंतचे राखणदार, अशी त्याची स्वतःविषयीची समजूत होती, आणि म्हणून राखणदाराला घरी जाता आले. ओरोमो लढवय्याला असे घरी जाता येत नाही, कारण ते घर कोणत्या राष्ट्रात आहे याविषयीच तंटा आहे. शिवाय नव्या सत्तेने वॉरंट आधी मागे घेतले, आणि शरणागती मागितलीच नाही. नाविकांच्या वाट्याला जे आले त्याच्याशी ताडून पाहिले की या शेवटच्या गोष्टीचे मोल कळते.

सारेच शांत झाले असेही नाही. नागनाथअण्णा आणि जी. डी. बापूंसारखे कार्यकर्ते पुढे निजामाविरुद्धच्या हैदराबादच्या लढ्यात उतरले. म्हणजे काही हत्यारे दोन वर्षांत पुन्हा बाहेर निघाली. ज्या काँग्रेससाठी रान उठवले तिच्याशी बहुतेकांचे लवकरच फाटले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात गेले आणि तेथून कम्युनिस्ट पक्षात, म्हणजे १९४२ साली साचे चालू ठेवा म्हणणाऱ्या पक्षात. १९५७च्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, साताऱ्याने त्यांना लोकसभेवर पाठवले आणि गिरणगावाने श्रीपाद अमृत डांग्यांना. पंधरा वर्षांपूर्वी चिंचपोकळीच्या कामगाराला दोन दिशांना ओढणारे दोघे दिल्लीत एकाच बाकावरून सरकारला प्रश्न विचारू लागले. नागनाथअण्णांनी वाळव्याला हुतात्मा साखर कारखाना काढला आणि धरणग्रस्तांसाठी आयुष्यभर भांडत राहिले. नाना पाटील ६ डिसेंबर १९७६ रोजी वारले आणि त्यांच्यावर वाळव्याला अंत्यसंस्कार झाले.

तूफान सेनेचे एक नायक रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजे कॅप्टन भाऊ, पुढेही चार दशकांहून अधिक जगले. जून २०१७ मध्ये शेणोलीला लोहमार्गालगत त्या प्रसंगाची आठवण म्हणून लोक जमले तेव्हा ते तेथे हजर होते, वय पंचाण्णवच्या घरात. गाडी ‘लुटली’ असे कोणी म्हटले की ते तत्काळ दुरुस्ती करत. त्यांचे म्हणणे असे की पैसा आपल्याच लोकांचा होता, इंग्रजाने तो नेला होता, आणि आम्ही तो परत आणला.